फेकून न दिलेली अंडी

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, की ती चोचीनं ती दिवसातून कितीतरी वेळा उलटीपालटी करते. उबवणीच्या यंत्रातही म्हणूनच अंडी फिरवायची सोय असते. हाच नियम सरड्याच्या अंड्याला लावला, तर अंडं मरतं. घातल्यापासून थोड्याच दिवसांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो. अंडं उलटं झालं की बलकाचं ओझं त्याच्यावर येतं आणि बऱ्याचदा तिथंच सगळं संपतं. म्हणून जगभर जिथं जिथं सरडे आणि घोरपडी पाळल्या जातात, तिथं अंडं उचलण्याआधी त्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीनं हलकीशी खूण करतात. अंडं खोक्यात ठेवताना, तपासताना, गावाला न्यायचं झालं तरी, खूण वर राहिली पाहिजे.

इतका साधा नियम कळायलाही पुष्कळ अंडी नासली असणार. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं 1849 मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडलं. जगातलं ते पहिलंच. पण त्यानंतरची कितीतरी दशकं अशा घरांमधून अंडी ही कौतुकाची किंवा कटकटीची बाब होती, उबवायची नव्हे. जनावर मेलं की जंगलातून दुसरं यायचं. मादीला पोखरायला ओलसर माती नसेल, तर ती पाण्याच्या भांड्यातच अंडी घालायची आणि सकाळी पिंजरा झाडताना ती बाहेर जायची. नर नसलेल्या मादीची अंडी तर वांझच, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं कारण काय? या विषयातल्या मोठ्या शोधांचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी कुणीतरी फेकून न दिलेल्या अंड्यांचा इतिहास आहे.

मराठीत या साऱ्या कुळाला रोजच्या वापरातलं एक नाव नाही. सरडा वेगळा, पाल वेगळी, घोरपड वेगळी, सापसुरळी तर आणखीच वेगळी. शास्त्राला मात्र मराठी शब्द आवडलेला दिसतो. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे सडे-माळरानांवरचे जे सरडे आहेत, त्यांच्यातल्या एका गटाला 2016 मध्ये नवं प्रजातिनाम मिळालं ते ‘सराडा’, म्हणजे आपला सरडाच. त्यातली सर्वांत देखणी जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची.

अंड्यांच्या बाबतीतही हे कुळ एकजिनसी नाही. घरातली पाल फोटोच्या चौकटीमागे किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीआड दोन पांढरी, कडक कवचाची अंडी चिकटवून निघून जाते. त्या अंड्यात लागणारं पाणी आधीच भरलेलं असतं. बागेतला सरडा तसा नाही. त्याची मादी पाऊस पडून माती मऊ झाली की पुढच्या पायांनी बीळ उकरते, त्यात चामड्यासारख्या मऊ कवचाची डझनभर अंडी घालते, माती लोटते आणि डोक्यानं ठोकून ती सारखी करते. ही अंडी मातीतलं पाणी पितात आणि चक्क मोठी होतात. माती कोरडी पडली तर सुरकुततात, चिखल झाला तर गुदमरतात.

पिंजऱ्यात ही ओल सांभाळायची कशी, या प्रश्नावर पाळणाऱ्यांना जे उत्तर सापडलं ते कुंड्यांच्या दुकानातलं होतं. व्हर्मिक्युलाइट नावाचं भाजून फुगवलेलं खनिज रोपं लावायला वापरतात. ते पाणी धरून ठेवतं, हवाही खेळू देतं आणि सहसा बुरशी धरत नाही. पाणी किती घालायचं, हे प्रयोगशाळेत तराजूवर मोजतात, तर हौशी पाळणारे मुठीत दाबून बघतात. गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. भाकरीच्या पिठाचा अंदाज असलेल्या हाताला हे शिकवावं लागणार नाही.

घोरपडींनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात वाढलेल्या रेमंड काउल्स या प्राणिशास्त्रज्ञानं नाइल घोरपडीचा जीवनक्रम तपशिलानं नोंदवला आणि 1930 मध्ये प्रसिद्ध केला. ही घोरपड पावसानं भिजून मऊ झालेलं वाळवीचं वारूळ फोडते, आत अंडी घालते आणि निघून जाते. भगदाड बुजवायचं काम वाळवीच करते. वारुळाच्या पोटातली ऊब आणि ओल बाहेरच्या ऊन-थंडीला फारशी दाद देत नाही, म्हणजे ही फुकट मिळालेली उबवणपेटीच. आपल्याकडची घोरपडही अंड्यांसाठी अनेकदा वारुळाचाच आसरा घेते. नागपंचमीला ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतात, त्यात नागाऐवजी घोरपडीची अंडी असण्याचा संभव काही कमी नाही. किल्ल्याच्या भिंती चढणाऱ्या घोरपडीच्या कथा घरोघर माहीत असलेल्या मुलखात तिच्या अंड्यांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

मादीला जागा पसंत पडली नाही तर काय होतं, हे धारवाडच्या सरड्यांनी दाखवलं.

तिथल्या कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात श्रीनिवास सैदापूर आणि भाग्यश्री शानभाग यांनी बागेतल्या साध्या सरड्यावर वर्षानुवर्षं काम केलं. कुंपणावर मान डोलावत बसणारा, विणीच्या काळात गळा लाल करणारा, पोरांचे दगड खाणारा हाच तो सरडा. त्याचं गर्भशास्त्र आधीच मांडून ठेवलेलं होतं. अंड्यातल्या गर्भाच्या वाढीचे 42 टप्पे 1970 मध्ये भारतीय संशोधकांनी नेमून दिले होते. धारवाडकरांनी अंड्यांवर आलेल्या माद्या पिंजऱ्यात ठेवल्या आणि त्यांना मनासारखी माती मिळू दिली नाही. माद्यांनी अंडी घातलीच नाहीत. आठवडे गेले, अंडी पोटातच. त्यांतले गर्भ नेहमी ज्या टप्प्यावर अंडं बाहेर येतं त्याच्या पुढं थोडे वाढले आणि 34व्या टप्प्यावर येऊन थांबले. मेले नाहीत, नुसते थांबले. पाऊस लांबला तर रानातली मादी काय करत असेल, त्याचं उत्तर हे. पेरणी खोळंबावी तशी तिची वीणही खोळंबते आणि सरी आल्या की पुन्हा सुरू होते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणून ज्याची आपण हेटाळणी करतो, त्यानं कुंपणाच्या आत राहून इतकं सांगितलं.

माती नसेल तर माती आणून द्यायची, हा धडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला तो गालापागोस बेटांवर. तिथले पिवळसर जमिनीवरचे इग्वाना अंड्यांसाठी काय काय करतात, याचा नमुना फर्नांदिना बेटावर दिसतो. तिथल्या माद्या सुमारे 1,500 मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या काठापर्यंत चढून जातात आणि त्यांतल्या काही काठावरून आतल्या खोल विवराच्या तळाशी उतरतात. तिथली राख मऊ आणि उबदार असते, म्हणून.

1976 मध्ये सांताक्रूझ बेटावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांनी इग्वानांची एक अख्खी वसाहत फाडून काढली. उरलेले मूठभर जीव चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात आणले गेले. काही इग्वाना केंद्रात ठेवले, तर काही व्हेनेसिया नावाच्या लहानशा खडकाळ बेटावर, जिथं कुत्री पोहोचू शकत नव्हती. अडचण एकच होती. त्या खडकावर पोखरण्याजोगी माती नव्हती. ती बोटींतून वाहून आणली, पसरली, आणि माद्यांनी ती मान्य केली. अंड्यांतून निघालेली पिल्लं केंद्रात वाढवून मोठी झाल्यावर मूळ जागी सोडायचा क्रम पुढं वर्षानुवर्षं चालला.

शेजारच्या बाल्ट्रा बेटाची गोष्ट याहून चमत्कारिक. 1932-33 मध्ये अमेरिकन उद्योगपती ॲलन हॅनकॉक यांच्या मोहिमेतल्या मंडळींनी बाल्ट्रावरचे 70 इग्वाना उचलून जवळच्या नॉर्थ सेमूर बेटावर नेऊन सोडले. नॉर्थ सेमूरवर तेव्हा इग्वाना नव्हतेच. आजच्या नियमांत हा गुन्हा ठरेल. पण दुसऱ्या महायुद्धात बाल्ट्रावर अमेरिकेचा हवाई तळ झाला आणि पुढच्या काही वर्षांत तिथले इग्वाना नाहीसे झाले. कुणाच्या तरी लहरीनं हलवलेले ते 70 हाच काय तो वंश उरला. 1980 पासून नॉर्थ सेमूरचे प्राणी केंद्रात आणून त्यांची पैदास सुरू झाली आणि 1991 मध्ये बाल्ट्रावर इग्वाना परतले.

ओल आणि माती सांभाळली म्हणजे काम झालं, असं उबवणारे बराच काळ समजत होते. ऊब ही फक्त पिल्लू लवकर निघेल की उशिरा, एवढंच ठरवते असा समज होता. तो मोडला डाकारमध्ये.

सेनेगलच्या या राजधानीत भिंतीभिंतीवर एक सरडा दिसतो. नराचं डोकं केशरी, अंग निळं, मादी मातकट. तिथल्या विद्यापीठात काम करणाऱ्या मादलेन शार्निए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांना उबवली. 26-27 अंशांना ठेवलेल्या अंड्यांत जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या, 29 अंशांना ठेवलेल्या अंड्यांत सगळे नर. फरक दोन-तीन अंशांचा, म्हणजे एखाद्या खोलीत पंखा चालू आणि बंद असण्याइतका. 1966 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष अवघ्या दोन-तीन पानांत छापले. पिल्लाचं लिंग गुणसूत्रं ठरवतात, आईबापांच्या मिलनाच्या क्षणी ते ठरून जातं, हे ज्या काळी पाठ्यपुस्तकातलं पक्कं वाक्य होतं, त्या काळी एका सरड्यानं ते खोटं पाडलं.

आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. निबंध फ्रेंचमध्ये, पश्चिम आफ्रिकेतला, एका सामान्य सरड्यावरचा. हाच मजकूर इंग्रजीत एखाद्या नामवंत विद्यापीठातून आला असता तर इतकी वर्षं पडून राहिला असता का, असं विचारायला जागा आहे. सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद पिओ यांना कासवांत हेच दिसलं, मग अमेरिकेत, मग सुसरी-मगरींत. तेव्हा कुठं लोक शार्निएबाईंचं ते दोन-तीन पानी टिपण शोधू लागले.

एव्हाना एक नुकसान होऊन गेलं होतं. समुद्री कासवं वाचवण्यासाठी अनेक देशांत किनाऱ्यावरची अंडी उचलून थर्मोकोलच्या खोक्यांत उबवत असत. खोक्यातली वाळू किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा थोडी थंड राहते आणि कासवांत थंडीला नर होतात. हजारो पिल्लं सुखरूप समुद्रात गेली, पण त्यांत माद्या किती होत्या हा प्रश्न 1980 च्या सुमारास संशोधकांनी विचारला, तेव्हा अनेकांची झोप उडाली. कोकणात वेळासला 2002 पासून ऑलिव्ह रिडलेची अंडी जपण्याचं काम सुरू झालं, ते खोक्यांत नव्हे, किनाऱ्यावरच कुंपण घालून वाळूत. सरड्याच्या अंड्यानं दिलेला इशारा असा फिरून आपल्या किनाऱ्याच्याही कामाचा ठरतो.

पालींमध्ये या गोष्टीचा उपयोग सर्वांत आधी बाजारानं करून घेतला. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या डोंगरांतली, ठिपक्यांची, पापण्या मिटणारी बिबट पाल अमेरिकेत आणि युरोपात घरोघर पाळली जाते. तिच्याच गोतातली एक जात महाराष्ट्र-गुजरातच्या दगडाळ माळांवरही आहे, पण इथं तिला बघितलं की लोक दगडच उचलतात. तिकडच्या बिबट पालीची अंडी 26 अंशांना उबवली की माद्या, 32-33 अंशांना बहुतेक नर, आणि 34 च्या वर पुन्हा माद्या. विकायला माद्या हव्यात की नर, यावर पाळणारे काटा फिरवू लागले. टेक्सासमध्ये डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. जास्त उष्णतेत निघालेल्या माद्या थंड अंड्यांतल्या माद्यांसारख्या वागत नाहीत. त्या नरासारख्या अंगावर धावून जातात. आठ आठवडे अंडं किती गरम होतं, त्याची आठवण ते जनावर जन्मभर अंगात बाळगतं.

आपल्या बागेतल्या सरड्यानं तर यावर कडी केली. 2012 मध्ये धारवाडकडच्याच संशोधनातून पुढं आलं, की याच्या अंड्यांत तापमान वाढत जाईल तसं लिंग एकदा नव्हे, तीनदा पालटतं. अगदी कमी उबेला माद्या, थोड्या जास्तीला नर, आणखी जास्तीला पुन्हा माद्या आणि अगदी टोकाला पुन्हा नर. या सरड्याच्या पेशींत लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रं शोधणाऱ्यांच्या हाती आधीच काही लागलं नव्हतं, त्याचं कारणही मग उलगडू लागलं. अर्थात प्रयोगशाळेत तापमान रात्रंदिवस एकाच आकड्यावर असतं, जून-जुलैच्या मातीत ते दुपारी चढतं, सर आली की उतरतं. पिंजऱ्यातल्या साक्षीदाराची साक्ष ही अशी नेहमी थोडी सवलत देऊनच ऐकावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्याच्या बाबतीत पिंजरा आणि रान अशा दोन्ही साक्षी जुळल्या. या सरड्यात लिंग गुणसूत्रांवर ठरतं, मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड. पण 2007 मध्ये कॅनबेऱ्यातल्या संशोधकांनी दाखवलं, की 32 अंशांच्या वर अंडी उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं माद्या होऊन बाहेर येतात. हा केवळ यंत्रातला खेळ असेल, अशी शंकेची पाल तेव्हा अनेकांच्या मनात चुकचुकली. मग 2015 मध्ये त्याच गटानं रानातून पकडलेल्या 131 प्रौढ सरड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 11 माद्या गुणसूत्रांनी नर होत्या. त्यांची साध्या नरांशी जोडी लावून अंडी उबवली, तेव्हा पुढच्या पिढीत डब्ल्यू गुणसूत्र उरलंच नाही. लिंग ठरवायची मुखत्यारी एका पिढीत गुणसूत्रांकडून तापमानाकडे गेली.

आईची कूस, मातीची ओल, उन्हाची ऊब हे सगळं झालं. उरला बाप. त्याची गरज किती, हा प्रश्न आर्मेनियात सुरू झाला.

सेवान सरोवराच्या आसपासच्या खडकांवर लहान, चपळ, तपकिरी सरडे असतात. काही ठिकाणी त्यांच्यात नर सापडत नाहीत, असं 1936 मध्येच दोघा अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं. इल्या दारेव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञानं ते मनावर घेतलं. हजारो सरडे तपासले, साऱ्या माद्या. नराविना वाढवलेल्या माद्यांनीही अंडी घातली आणि त्यांतून माद्याच निघाल्या. 1958 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की या सरड्यांत बापाशिवाय प्रजा होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत, रानात, निसर्गतः असं घडतं यावर विश्वास बसायला वेळ लागला. पुढं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या चाबकासारख्या शेपटीच्या सरड्यांत हेच आढळलं आणि न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात चार्ल्स कोल यांनी अशा माद्यांच्या पिढ्यामागून पिढ्या एकाही नराशिवाय वाढवून दाखवल्या. या जाती दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झालेल्या आहेत, त्यांची गोष्टच न्यारी, असं म्हणून इतरांनी समाधान करून घेतलं. ज्या जातीत नर असतात, तिथं हा प्रश्न येत नाही.

आला. तोही पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या सरड्यात.

इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर मगरीएवढी घोरपड आहे, ही वार्ता 1910 मध्ये व्हान स्टाइन व्हान हेन्सब्रूक या डच लेफ्टनंटकडून बाहेर आली आणि 1912 मध्ये बोगोरच्या संग्रहालयाचे पीटर ओवेन्स यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं. 1926 मध्ये अमेरिकन डग्लस बर्डन बेटावर जाऊन दोन जिवंत घेऊन आला. त्याच्या मोहिमेच्या कथा ऐकूनच पुढं ‘किंग काँग’ची कल्पना सुचली, असं सांगतात. 1927 मध्ये लंडनला दोन आल्या. त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ज्या नव्या घरात ठेवलं, त्याचा आराखडा जोन प्रॉक्टर हिचा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची ती प्रमुख होती, वय तिशीचं, प्रकृती कायमची नाजूक. सुंबावा नावाची घोरपड तिच्याबरोबर कुत्र्यासारखी फिरायची. 1928 मध्ये तिनं ती झूलॉजिकल सोसायटीच्या सभेत आणली आणि सर्वांदेखत हातानं भरवली. 1931 मध्ये, अवघ्या 34व्या वर्षी ती गेली.

कोमोडोची अंडी उबवणं मात्र कुणाला चटकन साधलं नाही. रानात मादी बहुधा एका कोंबडीएवढ्या पक्ष्यानं उकरून रचलेल्या माती-पाचोळ्याच्या ढिगात अंडी घालते. ती उबायला सात-आठ महिने लागतात. म्हणजे एक ऋतू कोरडा, एक ओला, तोवर कुठल्याही खोक्यात बुरशी धरायला भरपूर वेळ. इंडोनेशियाबाहेर पहिली पिल्लं निघाली ती 1992 च्या सप्टेंबरात, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या मादीच्या अंड्यांतून, आणि ती उबवली होती जवळच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. प्रॉक्टरच्या सुंबावानंतर 65 वर्षांनी.

त्यानंतर जेमतेम चौदा वर्षांनी इंग्लंडमधल्या दोन माद्यांनी जगाला बुचकळ्यात टाकलं. लंडनमधल्या सुंगाईनं 22 अंडी घातली आणि साडेसात महिन्यांनी त्यांतून चार पिल्लं निघाली. नराशी तिची शेवटची गाठ पडून अडीच वर्षं होऊन गेली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांतल्या माद्या नराचं वीर्य पोटात दीर्घकाळ साठवू शकतात. त्यामुळे तेच कारण असणार, असं प्रथम वाटणं स्वाभाविक होतं. चेस्टरच्या फ्लोराला मात्र ती पळवाट नव्हती. ती पिंजऱ्यात जन्मलेली, नराचं तोंडही न पाहिलेली. 2006 मध्ये तिनं 25 अंडी घातली. जुन्या रिवाजाप्रमाणे ती केराच्या टोपलीत जायला हवी होती. तिथल्या लोकांनी ती नीट पाहिली, 11 ठीकठाक दिसली, ती उबवणपेटीत ठेवली. काही दिवसांनी त्यांतली तीन कोसळली. आत गर्भाचे अवशेष होते. ते लिव्हरपूल विद्यापीठात गेले आणि डीएनए तपासणीत निकाल आला, की यात आईशिवाय दुसऱ्या कुणाचा अंशही नाही.

डिसेंबर 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये दोघींची हकीकत छापून आली. नाताळ तोंडावर होता, पिल्लं त्याच सुमारास बाहेर येण्याचा अंदाज होता आणि कुमारी मातेची उपमा न सुचलेलं वर्तमानपत्र इंग्लंडमध्ये क्वचितच असेल. पिल्लांना घाई नव्हती. ती जानेवारीत निघाली आणि निघाली ती सगळी नर. त्याचं गणित सोपं आहे. कोमोडोची मादी झेड-डब्ल्यू. बापाविना अंडं वाढतं तेव्हा आईकडून आलेला एकच संच दुपटीला जातो. दोन डब्ल्यू झाले तर गर्भ जगत नाही, दोन झेड झाले तर नर. एखादी मादी पोहत पोहत ओसाड बेटावर एकटीच पोहोचली, तर ती आधी मुलगे पैदा करील आणि मग त्यांच्याशीच संसार मांडील, असा एक तर्क यावरून निघाला. नर उपलब्ध झाला की ही युक्ती बाजूला ठेवता येते, हे सुंगाईनंच दाखवलं. पुढं नराबरोबर ठेवल्यावर तिला चारचौघींसारखी पिल्लं झाली.

त्या निबंधात प्राणिसंग्रहालयांसाठी एक कानपिचकीही होती. माद्यांना एकेकट्या ठेवून नर या गावाहून त्या गावाला फिरवत राहायची जी पद्धत आहे, तिच्यामुळंच कदाचित माद्या ही वाट धरत असतील, आणि बापाविना झालेल्या पिल्लांत वाणाची विविधता घटते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या प्राणिसंग्रहालयात 2007 मध्ये नराविना राहणाऱ्या मादीनं सुमारे 17 अंडी घातली. जागेअभावी फक्त दोन उबवली. 2008 च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर दोन्हींतून नर निघाले.

टेनेसीतल्या चॅटनूगाच्या प्राणिसंग्रहालयात हा सगळा इतिहास माहीत होता. तिथं चार्ली नावाची मादी होती आणि तिच्यासाठी मुद्दाम कडाल नावाचा नर आणला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिच्या अंड्यांतून तीन पिल्लं निघाली. मादी होती, नर होता, अंडी फळली होती. ऑनिक्स, जास्पर आणि फ्लिंट अशी नावंही ठेवून झाली. पुढं डीएनए तपासणी झाली आणि 2020 च्या मार्चमध्ये संग्रहालयानं जाहीर केलं, की कडालचा या तिघांशी काहीही संबंध नाही. ते एकट्या चार्लीचे. तिघेही अर्थात नर.